अंगावर पैसे, आणि वही मुकादमाकडं

बालाघाटी

होळी उलटली, ऊसतोडीला गेलेले ट्रॅक्टर-ट्रक गावात परतायला लागले की आमच्या पारावर बसलेला माणूस खाली उतरणाऱ्याला पहिलं काय विचारतो? तब्येत नाही, पोरं नाही. "फिटले का?" एवढंच. उत्तरं दोनच: "फिटले" नाहीतर "अंगावर राहिले."

हा 'अंगावर' शब्द इतका ऐकलाय की त्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. दागिने अंगावर असतात, काम अंगावर पडतं, कुत्रं अंगावर येतं. बागायतदारानं बँकेचं कर्ज काढलं तर बोजा सातबाऱ्यावर चढतो. ज्याच्याकडं सातबाराच नाही, त्याच्याकडं बोजा चढवायला अंगच उरतं.

आमचं गाव बीडच्या केज तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. आईबापाचे ऊसतोडीचे बावीस हंगाम झाले, कधी कोल्हापूरकडं, कधी सांगली, चार वेळा थेट कर्नाटकात. मी आजीजवळ राहून शिकलो आणि आता एका कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. म्हणजे दिवसभर दुसऱ्याची उधारी मांडणं हाच धंदा. मागच्या हंगामाला निघताना दुकानात फुकट आलेली एक डायरी आईला दिली. आई दुसरीपर्यंत शिकलेली, तिनं तिच्या पद्धतीनं ती भरली. ट्रॅक्टर भरून गेला की एक उभी रेघ, खाडा, म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस, पडला की गोल. दर पानाला बाजारच्या दिवशी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडून, घेतलेली खर्ची (हातखर्चाचे पैसे), तीही फुल्यांनी, एक फुली म्हणजे पाचशे.

परत आल्यावर मी ती डायरी आणि मुकादमानं दिलेला हिशेबाचा कागद शेजारी शेजारी ठेवले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा माणूस आला तर 'अर्धा कोयता'. आमच्या टोळीत बारा कोयते. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळालेले पैसे, आमच्या कोयत्याला ८०,००० होते. टोळी मिळून दिवसाला साधारण एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, बावीस टनांच्या आसपास. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढीचा करार झाला, त्यानुसार टनाला ३६६ धरले.

मुकादमाच्या कागदावर १२७ खेपा. आमच्या वाट्याला २३२ टन आणि वर काही किलो, म्हणजे ८५,२०० रुपये. त्यातून ११ खाडे, जोडीच्या खाड्याला हजार, गेले ११,०००. उरले ७४,२००. उचल आणि १६,००० खर्ची मिळून देणं ९६,०००. अंगावर २१,८००.

आईच्या डायरीत रेघा १३४. गोल सात.

सात खेपा आणि चार खाडे. माझ्या हिशेबानं पावणेनऊ हजार रुपये हवेत गेले. मी म्हटलं, आई, जाऊन विचारू या. आई म्हणाली, "कशाच्या जोरावर इचारतूस? त्याच्याकडं वही हाय, आपल्याकडं रेघोट्या."

दुसरं गणित तर मला आधी करायलाच नको होतं. सव्वाचार महिने, म्हणजे १३० दिवस. खाडे वजा जाता दोघांना मिळून ७४,२००, म्हणजे माणशी रोजचे २८५. २०२४-२५ ला महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ होता. ते काम दिवसाचं असतं. इथं पहाटे चारला उसाच्या फडात, आणि ट्रॅक्टर रात्री अकराला आला तर अकराला उठून डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं.

चोरी झाली असं म्हणून मी धागा काढलेला नाही. चुकून झालं असेल, आईची रेघ चुकली असेल. माझं म्हणणं एवढंच, की वही एकाच्याच हातात असली की चूक नेहमी एकाच बाजूला होते. तुमच्या भागात हे कसं चालतं?

नांदेडकर

पटलं, पण एक शंका. उचल काही कुणी बळजबरीनं गळ्यात मारत नाही. ऐंशी हजार बिनव्याजी, बिनतारण कोण देतं हो? बँक तर दारात उभं करत नाही. घेताना गोड आणि फेडताना शोषण, असं कसं?

खवचट

बिनतारण कसं? दोन माणसं तारण ठेवलीत की.

बालाघाटी

नांदेडकर, प्रश्न रास्त आहे. आमचे ८०,००० कुठं गेले सांगतो. पंचवीस हजार बहिणीच्या बाळंतपणाला, सिझर झालं. तीस हजार मागच्या साली अंगावर राहिलेले, ते आधीच कापून घेतले, म्हणजे हातात आलेच नाहीत. दहा हजार किराणा दुकानदार. उरलेल्यात पत्रे आणि बी-बियाणं, आमची दीड एकर मुरमाड आहे ती. दसऱ्याला माणसं निघाली तेव्हा खिशात दोन हजार नव्हते.

आणि बिनव्याजी म्हणाल तर, व्याज दरातच असतं. ज्यानं जून-जुलैत उचल घेतली तो नोव्हेंबरात दर विचारू शकत नाही, दुसऱ्या मुकादमाकडं जाऊ शकत नाही, फड वाईट लागला, आडवा पडलेला ऊस लागला, तरी उठून येऊ शकत नाही. ह्याची किंमत किती टक्के होते ते तुम्हीच काढा.

पुस्तकी किडा

कायद्याच्या बाजूनं थोडं. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा. त्यात वेठबिगारीची व्याख्या साखळदंड घातलेला गुलाम अशी नाही. उसनवारी किंवा अग्रिम घेतल्यामुळं माणूस ठराविक काळ एकाकडंच, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत किंवा दुसरीकडं जायची मुभा नसताना राबत असेल तर ती वेठबिगारी, आणि ते कर्ज कायद्यानं संपुष्टात आलेलं धरायचं. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, असंही म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लागणं हीच घटनेच्या अनुच्छेद २३ खालची सक्ती. भुकेची सक्तीही सक्तीच.

त्यामुळं 'त्यानं स्वतः सही केली' हा मुद्दा टिकत नाही. स्वेच्छा हा शब्द पोट भरलेल्या माणसाच्या बाबतीत खरा असतो. उत्पादनसंबंधांच्या चौकटीत बघितलं तर मुकादम हा कारखान्याचा मुखवटा आहे. तो पुढं असल्यामुळं मूळ मालक कोण हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

खवचट

चौकट सोडा, टनाला किती वाढवून मिळतील ते बोला.

बालाघाटी

किडा, तुमचं १९८२ चं वाचून मी रात्री आईला सांगितलं की कायद्यानं तुझ्या अंगावर काहीच नाही. ती म्हणाली, "मंग कायद्याला म्हणावं पुढच्या साली उचल तूच दे." ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असलं तर लिहा, चेष्टा करत नाही.

जुनं दप्तर

मी निवृत्त माणूस, थोडी मागची गोष्ट. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला. त्या हैदराबाद संस्थानात कर्जापोटी घरादारानं राबणाऱ्याला 'भगेला' म्हणत. तेलंगणात हे जास्त होतं. त्याविरुद्ध निजाम सरकारला १९३६ साली भगेला करारांचा कायदा करावा लागला. करार लेखी हवा, ठराविक काळाचा हवा वगैरे. पाळला किती हे वेगळं सांगायला नको, ज्यानं लिहायचं तोच सावकार आणि बहुतेक तोच देशमुख-पाटील.

मराठवाड्यात सालगडी होता, पाडव्याला साल ठरायचं. १९७२ च्या दुष्काळानं गावोगावचे सालगडी आणि लहान शेतकरी उठले. काही खडी फोडायला गेले, त्यातूनच पुढं रोजगार हमी आली. काही उसाच्या फडात गेले ते आजतागायत जातात. माझ्या लहानपणी आमच्या गावातून दोन बैलगाड्या जायच्या. आज दिवाळीनंतर गावात म्हातारी, पोरं आणि कुत्री. प्रेताला खांदा द्यायला चार माणसं शेजारच्या वस्तीवरून बोलवावी लागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पाटलाच्या वहीतून मुकादमाच्या वहीत नाव गेलं. बाकी फारसं हललं नाही.

मुकादमाचा पोरगा

तीन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. माझा बाप मुकादम आहे. चौदा कोयत्यांची टोळी. त्याच्या आधी तो स्वतः नऊ वर्षं कोयता होता, हातावर वण आहेत अजून.

तुम्हाला वाटतं मुकादम म्हणजे गॉगल आणि बुलेट. आमच्याकडं पत्र्याचं घर आहे. कारखाना पैसे थेट टोळीला देत नाही. वाहतूकदार मध्ये, त्याच्या नावावर करार, त्यानं आमच्याकडून कोरे चेक आणि स्टॅम्प घेतलेले. मागच्या सालच्या आदल्या साली आमचे तीन कोयते उचल घेऊन दुसऱ्याच टोळीत गेले. दोन लाख सत्तर हजार. वाहतूकदारानं बापाच्या नावावर टाकले. ते सावकाराकडून महिना चार टक्क्यांनं काढून भरले, एक एकर गेली. त्या तीन कोयत्यांवर कुणी धागा काढणार नाही.

कमिशनचं म्हणाल तर ते मजुरीवर असतं, करारात १९ चं २० टक्के झालं, आणि ते मजुराच्या पैशातून कापत नाहीत, वर वेगळं येतं. त्यातूनच बुडीत निघतं. बुडीत नसलं तर मुकादमाला बरे पैसे आहेत, खोटं कशाला बोलू.

आणि खाडा. खाड्याचे पैसे मुकादम खातो असं सगळ्यांना वाटतं. आमच्या टोळीत तरी ते बाकीच्या कोयत्यांत वाटतात. एक कोयता घरी बसला तर त्याच्या वाटचा ऊस बाकी तेरांनी तोडायचा, म्हणून. खाडा बंद करू या असं बापानं एकदा म्हटलं तर टोळीच नको म्हणाली. आता बोला.

बालाघाटी

तुमचं लिहिणं वाचून दोनदा उठलो आणि बसलो. एकराचं वाईट वाटलं. मनापासून.

पण खाड्याचं तुम्ही जे सांगितलं ते तुमच्या बाजूचं आहे असं मला वाटत नाही. उलट मला आतापर्यंत जे धड सांगता येत नव्हतं ते तुम्ही दोन ओळींत सांगितलं. आईला ताप आला तर तिच्यावर डोळे कुणाचे? मुकादम तर मोटारसायकलवर दुसऱ्या फडात. डोळे शेजारच्या कोपीतल्या (झोपडीतल्या) बाईचे, जिच्या जीवावर चार मोळ्या जास्त पडणार आणि जिला त्याचे पन्नास-शंभर रुपये मिळणार. राखणदाराचा पगार वाचला, आजाऱ्याचा दंड आजाऱ्याच्या शेजाऱ्याला देऊन. हे ज्यानं पहिल्यांदा काढलं तो माणूस हुशार असणार.

एक विचारू का? तुमच्या वडलांच्या टोळीत वही कोण लिहितं? तुम्हीच ना?

गावची आशा

खाड्याचा विषय निघाला म्हणून. मी आशा म्हणून काम करते, गाव सांगत नाही. आमच्याकडं बाई म्हणते "पिशवी काढली." गर्भाशय शब्द डॉक्टरांचा.

२०१९ मध्ये हा विषय पेपरात आला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहांत एक. माझ्या गल्लीत तर मला सहा घरं मोजायला लागत नाहीत.

लोक म्हणतात मुकादमानं काढायला लावली. असं सरळ नसतं ते. मुकादम काही म्हणत नाही. फडात संडास नाही, म्हणून बाई दिवसभर पाणी कमी पिते. पाळीचं कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही, ओलंच वापरते. अंगावरून पांढरं जातं. (बघा, इथंपण 'अंगावरून'.) पावसाळ्यात गावी आली की कंबर धरून शहरातल्या खासगी दवाखान्यात जाते. तिथं सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगतात, पुढं कॅन्सर होईल. आणि बाईच्या मनात आधीच गणित झालेलं असतं: महिन्याला दोन-तीन खाडे, पाच महिने. "आता लेकरं झालीत, कटकट कशाला ठेवू" असं ती स्वतःच म्हणते. ऑपरेशनचा खर्च उचलीतून. ती उचल फेडायला पुन्हा फडात. काही जणी दीड महिन्यात मोळी उचलतात.

त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगीत पिशवी काढायची नाही असा नियम झाला. नियम चांगला. पण फडातला संडास त्यानं झाला नाही.

माझ्याकडं आलेली एक बाई अठ्ठावीस वर्षांची होती. हाडं दुखतात, घाम फुटतो, झोप नाही. म्हातारपण लवकर आलं म्हणाली, आणि हसली.

मांजराकाठ

मी ऊस उत्पादक, लातूर बाजूचा. सगळं खरं असेल, पण आमचंही ऐका. २०२१-२२ ला ऊस एवढा झाला की मे संपला तरी माझा फड उभा. जालना, बीड, लातूर, सगळीकडं तेच रडगाणं. तोडणीवाले आले तेव्हा एकरी पाच हजार वर मागितले, ट्रॅक्टरवाल्याला खेपेची 'एन्ट्री' वेगळी, दुपारी मटण. न देऊन सांगतो कुणाला? सोळा महिन्यांचा ऊस, तुरे आलेले, आतून पोकळ. शोषण आमचं केलं कुणी मग?

खवचट

मटणात आमचा वाटा नव्हता, त्यामुळं मत राखून ठेवतो.

पाणवठा

मांजराकाठ, राग समजतो. पण तुमच्या बिलाला निदान कायदा आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा: ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, नाही दिली तर व्याज. कारखाने ते पाळत नाहीत म्हणून तुम्ही मोर्चा काढता, आणि मंत्र्यालाही बोलावं लागतं. तोडणाऱ्याला चौदा दिवस सोडा, चौदा महिन्यांचाही कायदा फडात कुणी बघितलेला नाही. त्यानं तुमच्याकडं मटण मागितलं, कारण सबंध साखळीत त्याला ज्याच्यावर जोर करता येतो असे तुम्ही एकटेच भेटता, तेही एका दुपारपुरते.

दुसरं, इथं अजून कुणी जातीचं बोललं नाही. बोलू या. टोळ्या गावाच्या असतात म्हणजे बहुतेक जातीच्या असतात. वंजाऱ्यांची टोळी, बंजाऱ्यांच्या तांड्याची टोळी, आमची बौद्धांची टोळी, आता मराठ्यांचीही. कोप्या पडतात तिथंही रांगा ठरलेल्या. आम्ही २०१३ ला ज्या गावात उतरलो तिथं फडमालकाच्या विहिरीवर बाकीच्यांनी बादली सोडायची, आमच्या बायांनी खाली कळशी धरून थांबायचं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. "थांबा ताई, देतो ओतून" असं गोड बोलून. आमची म्हातारी म्हणाली, महाडला जाऊन आलेल्याची मी सून. दुसऱ्या दिवशी अर्धा किलोमीटरवरच्या कॅनॉलचं गढूळ पाणी आणलं, पण कळशी धरली नाही. त्या पाण्यानं पोरं आजारी पडली, म्हणजे खाडे पडले. स्वाभिमानाचा दर तेव्हा दिवसाला पाचशे होता.

आणि मुकादम आपल्याच जातीचा, बहुतेक नात्यातला असतो, हा आणखी एक फास. शत्रू असता तर बरं होतं. तो लग्नात मामा म्हणून अक्षता टाकतो. मामाला हिशेब कसा मागायचा?

बालाघाटी

पाणवठा, शेवटचं वाक्य वाचून गप्प झालो. आमचा मुकादम आईचा चुलतभाऊ. मी त्याला मामाच म्हणतो, आणि 'तुम्ही'. तो माझ्या बापाला 'ए' म्हणतो, बाप वयानं सहा वर्षं मोठा आहे.

शिरूरची लेक

मुलींचं कुणी लिहिलं नाही म्हणून चार ओळी. अर्ध्या कोयत्याला उचल निम्म्याहून कमी मिळते, कारण एकटा माणूस जोडीएवढी मोळी बांधू शकत नाही. म्हणून दिवाळीच्या आसपास आमच्याकडं लग्नं घाईनं उरकतात. काही तर कारखान्यावर पोचल्यावर, त्याला 'गेटकेन' लग्न म्हणतात. पोरगी सोळाची का पंधराची हे बघत नाहीत, कोयता पुरा झाला का ते बघतात. माझ्या वर्गातल्या तिघी दहावीच्या सहामाहीनंतर दिसल्या नाहीत. मी सुटले कारण माझा भाऊ हंगामी वसतिगृहात होता, आजी आजारी होती आणि तिच्याजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. म्हणजे शिक्षणासाठी नव्हे, आजीच्या लकव्यासाठी.

नांदेडकर

मी वर जरा चढ्या आवाजात विचारलं होतं. आता खरंच विचारतो, ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं ना? टनाला दहा रुपये कारखान्याचे आणि तेवढेच सरकारचे, असं वाचलं होतं. ओळखपत्रं वाटली होती. त्याचं काय?

बालाघाटी

लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, पोरांसाठी वसतिगृहाची योजनाही आली, काही तालुक्यांत सुरू आहेत आणि त्याचा फायदा होतो, हे मान्य करतो. ग्रामसेवकानं नोंदणी केली तेव्हा मी स्वतः फॉर्म भरले. बापाचं ओळखपत्र आलं.

आईचं फॉर्मवर नाव होतं, पत्नी म्हणून. मग मी घरातले जुने कागद काढले. मुकादमाच्या कागदावर बापाचं नाव. स्टॅम्पवर बापाचं नाव, अंगठा बापाचा. कारखान्याच्या स्लिपवर मुकादमाचं नाव. बावीस हंगाम, रोजची निम्मी मोळी, आणि आई कुठल्याच कागदावर मजूर म्हणून नाही. बाप मध्येच मेला असता तर उचल मात्र तिच्याकडून फिरवून घेतली असती, तेव्हा नाव बरोबर सापडलं असतं.

तिचं नाव असलेला एक कागद आहे, मतदार यादी. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. टोळ्या नुकत्याच फडात पोचलेल्या. आमच्या टोळीला न्यायला गाडी आली, तीनशे किलोमीटरवरून, येता-जाता जेवण, आणि त्या दोन दिवसांचा खाडा माफ. त्याच्या दोन हंगाम आधी आजी गेली तेव्हा मी इथून फोनवर फोन करत होतो. बाप एसटीनं आला, तिसऱ्या दिवशी, राख सावडायला. पाच खाडे पडले.

पुस्तकी किडा

आईंच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो (उचल कायद्यानं द्यावी). कर्नाटकात गेलात ते हंगाम १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजूर कायद्यात बसत होते. त्यात पासबुक द्यायची तरतूद होती, मजुराकडं राहणारं, त्याच्या भाषेत, त्यात दर, दिलेले पैसे, कापलेले पैसे सगळं. म्हणजे वहीची दुसरी प्रत मजुराच्या हातात, हे कायद्याला चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी सुचलं होतं. चार वेळात एकदा तरी दिसलं का असं पुस्तक?

बालाघाटी

नाही. आईला विचारलं. ती म्हणाली पासबुक बँकेचं असतं.

लाल बावट्याच्या सभांना बाप जायचा, कोयता बंदच्या वेळी दोन वेळा आठ-आठ दिवस गावातच बसले होते. तेव्हा मागणी दराची असायची, आणि दर वाढले ते त्या बंदमुळंच, कुणाच्या कृपेनं नाही. पण वजनाची स्लिप टोळीच्या हातात द्या, ही मागणी मी तरी कधी मोठ्यानं ऐकली नाही. काट्यावर काय वजन झालं हे ऊस तोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या तोंडून कळतं. फोन प्रत्येकाकडं आहे, स्लिपचा फोटो टोळीच्या ग्रुपवर टाकायला अर्धं मिनिट लागतं. आमच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं येतात.

मुकादमाचा पोरगा

हो, वही मीच लिहितो. बारावीपासून.

तुमच्या प्रश्नावर चार दिवस गेले. गेल्या दोन सालच्या वह्या काढून बघितल्या. खेपा बरोबर आहेत, स्लिपा जोडलेल्या आहेत. खाड्यांचं मात्र सांगता येत नाही. फडातून बाप फोन करायचा, आज अमक्याचा खाडा टाक, मी टाकायचो. अर्धा दिवस काम करून बाई उलटी झाली म्हणून कोपीत गेली तर बाप पूर्ण सांगायचा की अर्धा, मला आठवत नाही. वहीत अर्धा खाडा कुठंच नाही. दोन सालांत एकही नाही. हे मला लिहिताना कधी दिसलं नव्हतं.

स्लिपचे फोटो ग्रुपवर टाकायचं बापाला बोललो. तो म्हणाला, वाहतूकदार ओरडेल. मग म्हणाला, टाक, बघू. खाड्याचं अजून बोललो नाही.

तुम्ही हिशेब लिहिता म्हणालात. तुमच्या आईंची डायरी बघायला मिळेल का? त्या रेघा आणि गोल कसे मांडलेत ते बघायचं होतं. आमच्या टोळीतल्या बायांना तसं काही देता येईल का बघतो. मी अंबाजोगाईला बाजारच्या दिवशी येतो.

बालाघाटी

या. दुकान बंद झाल्यावर घरीच जाऊ, चहा आमच्याकडं. आईला सांगून ठेवतो मुकादमाचा पोरगा येतोय म्हणून. तिचा पहिला प्रश्न ठरलेला आहे, तयारीनं या: "आता आनखी किती निघाले?"